१६०५च्या भूकंपात बुडालेली हैनानची गावं: चिखलातले अवशेष टिकवायचे कसे?

सुकती (धागाकर्ता)

चीनच्या हैनान बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, हायकोऊ शहराच्या पूर्वेला दोंगझाई खाडी आहे. १३ जुलै १६०५ला, म्हणजे मिंग घराण्यातल्या वानली सम्राटाच्या ३३व्या वर्षी, तिथे साधारण ७.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि शंभर चौरस किलोमीटरहून जास्त जमीन खचून पाण्याखाली गेली. बुडालेल्या गावांचा परंपरेने चालत आलेला आकडा ७२. आजही मोठ्या ओहोटीला घरांच्या भिंतींचे पाये, थडगी, दगडी जाती-उखळं चिखलातून डोकं वर काढतात.

वर्तमानपत्री लेखांत याला 'समुद्रतळाचं गाव' म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. हे अवशेष धड पाण्यात नाहीत, धड जमिनीवर नाहीत. सदैव पाण्याखाली असलेल्या वस्तूला मीठ फुटत नाही, आणि कोरड्यावरच्या भिंतीवर कालवं चढत नाहीत. इथे दोन्ही होतं, भरती-ओहोटीच्या प्रत्येक फेऱ्यात. त्यामुळे 'पाण्याखालचा वारसा' या नावाखाली छापलेले उपाय इथे जसेच्या तसे लावले तर नुकसान व्हायचीच शक्यता जास्त.

माझं मत आधीच सांगून टाकतो: इथला खरा रखवालदार चिखल आहे. चिखल जागेवर राहील एवढं पाहणं आणि उघडं पडेल ते नीट नोंदवणं, एवढ्यात ऐंशी टक्के काम आलं. बाकीच्यांनी खोडून काढावं.

---

लोहगड_९

माहितीपूर्ण धागा. पण चिखलाच्या भरवशावर सोडून द्यायचं म्हणजे काय? दर उधाणाला लाटा आपटणार, होड्या घासणार, कोणीतरी उखळ उचलून अंगणात नेऊन ठेवणार. त्यापेक्षा हलवता येण्यासारखं सगळं वर काढा आणि संग्रहालयात ठेवा. चीनकडे पैसा आहे, यंत्रं आहेत. २००७ साली त्यांनी नानहाय-१ हे जुनं बुडालेलं अख्खं जहाज पोलादी पेटीत घालून वर काढलंच ना?

---

मातीचं_भांडं

@लोहगड_९, जहाज काढलं, पण ते ठेवायला यांगज्यांग शहरात स्वतंत्र संग्रहालय बांधावं लागलं आणि खोदकाम त्याच्या पोटात बसून वर्षानुवर्षं चाललं. ते एक जहाज होतं. इथे शंभर चौरस किलोमीटरचा प्रश्न आहे.

'वर काढा' म्हणजे नेमकं काय, ते एका साध्या मडक्यावर पाहू. खापर सच्छिद्र असतं, चारशे वर्षांत त्याच्या रंध्रारंध्रात खारं पाणी मुरलेलं. ते उन्हात ठेवलं की पाणी उडतं आणि मिठाचे स्फटिक पृष्ठभागाच्या खालीच धरतात. पहिल्या दिवशी काही दिसत नाही. मग पांढरी बुरशी आल्यासारखं वाटतं. नंतर झिलई पापुद्र्यांनी सुटायला लागते, आणि नखाने खरवडून पाहिलं तर खालचं खापर पिठासारखं हाताला येतं. तिथून परत फिरता येत नाही.

म्हणून क्रम असा:

१. वस्तू जिथे मिळाली तिथल्याच खाऱ्या पाण्यात, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात. धातूचा डबा नको. चिखल घासून काढायचा नाही, तसाच राहू द्यायचा.

२. प्रयोगशाळेत पाणी पायरीपायरीने गोडं करायचं. आधी अर्धं खारं-अर्धं गोडं, मग पूर्ण गोडं, शेवटी क्षारमुक्त. एकदम शुद्ध पाण्यात टाकलं तर आतलं मीठ झपाट्याने बाहेर यायला बघतं आणि नाजूक झिलईवर ताण येतो.

३. पाणी आठवड्याला बदलायचं आणि प्रत्येक बदलाआधी वाहकता (पाण्यातून वीज किती वाहते, म्हणजे मीठ किती उतरलंय) मोजून लिहून ठेवायची. आकडा प्रत्येक खेपेला उतरत जातो. सलग तीन-चार वेळा तो हललाच नाही तर मीठ निघालं असं धरायचं. दाट भाजलेल्या चिनी मातीला काही आठवडे पुरतात, जाड घरगुती मडक्याला महिनेही लागतात.

४. मग सावलीत, हळूहळू वाळवणं.

लोखंडाची तऱ्हा वेगळी. त्याला अल्कधर्मी द्रावण लागतं, सहसा २ टक्के सोडियम हायड्रॉक्साइड. त्याच टाकीत झिलईचं भांडं टाकलं तर झिलई गेली. ओलं लाकूड म्हणाल तर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या (लाकडात पाण्याची जागा घेणारा मेणासारखा पदार्थ) टाकीत वर्षभर तरी, मोठा वासा असेल तर कित्येक वर्षं.

आता यात किती डबे, किती टाक्या आणि किती माणसं लागतील ते तुम्हीच मोजा. ज्याच्यासाठी टाकी आधी तयार नाही ती वस्तू उचलायची नाही, हा या धंद्यातला पहिला नियम.

---

दगडधोंडे

वरच्यात दगडाची भर घालतो.

उत्तर हैनान सगळा ज्वालामुखीचा मुलूख, म्हणून तिथला बांधकामाचा दगड बेसॉल्ट. आपल्या काळ्या पाषाणाचाच नातलग, पण बराचसा बुडबुड्यांच्या भोकांचा. ५० × ५० × ४० सेंटीमीटरचा भरीव तुकडा घेतला तर ०.१ घनमीटर, म्हणजे २८० किलोच्या आसपास. भोकाळ असेल तर दोनशेच्या घरात. चार माणसांनी चिखलात उभं राहून उचलायचा हा ऐवज नव्हे.

वजनापेक्षा चिखलाची चूष जास्त त्रास देते. दगड सरळ वर ओढला तर खाली पोकळी होते आणि चिखल त्याला धरून ठेवतो. ओढणारे जोर वाढवतात, मग दगड एकदम सुटतो आणि शेजारचा थर सोबत घेऊन येतो. त्या थरातच तर पुरावा असतो: खापऱ्या, कोळसा, शिंपल्यांचा चुना. उचलणं अगदी भागच असेल तर दगडाच्या कडेने हलकी पाण्याची धार सोडून चूष मोडायची, रुंद पट्टे वापरायचे, साखळी किंवा तारेचा दोर नाही. तारेची खूण बेसॉल्टवरही उमटते.

आणि उखळ जागेवरून हललं की ते फक्त उखळ राहतं. कुठल्या भिंतीपासून किती अंतरावर होतं, सरळ होतं की कलंडलेलं, यावरून घर कसं खचलं ते कळतं.

---

लोहगड_९

ठीक, उचलण्याचा मुद्दा मागे घेतो. पण ज्या भिंती ओहोटीला उघड्या पडतात त्यांना निदान सिमेंटने सांधे भरून धर द्या की. आणि ती कालवं खरवडून काढा, दगड खाताहेत.

---

दगडधोंडे

दोन्ही नको, अजिबात नको.

असल्या भोकाळ दगडापेक्षा सिमेंट पाण्याला कमी वाट देतं. भिंतीत भरलेलं खारं पाणी ओहोटीला सांध्यातून बाहेर पडायचं, ती वाट बंद होते. मग ते दगडातून बाहेर पडतं आणि मिठाचा स्फोट दगडाच्या तोंडावर होतो. काही वर्षांनी चित्र असं दिसतं की सिमेंटची जाळी ताठ उभी आणि मधला दगड आत खचलेला. आपल्याकडच्या किनारी किल्ल्यांवर हे पाहिलेल्यांना समजावून सांगायला नको.

कालवांचं म्हणाल तर ती दगड 'खात' नाहीत, त्याला चिकटतात. कालवाची खालची शिंपली दगडाच्या खाचाखळग्यांत चुन्यासारखी घट्ट बसलेली असते. छिन्नीने उचकटली की दगडाची पातळ साल सोबत येते. आणि तो कालवांचा थर वाळूच्या घर्षणापासून, तापण्या-निवण्यापासून दगडाला झाकतोच. कोरलेल्या अक्षरांवर कालवं असतील तर मोह होतो हे खरं. तिथेही खरवडायचं नाही. दिसेल तेवढं नोंदवायचं.

खरी डोकेदुखी कालवं फोडणाऱ्या माणसांची. खाडीतल्या लोकांचा तो पोटापाण्याचा उद्योग आहे आणि चिखलात एवढा टणक आधार कालवांना दुसरीकडे मिळत नाही. म्हणजे सगळ्यात चांगली कालवं अवशेषांवरच. नुसती बंदी घालून हे थांबत नाही. त्यांना दुसरीकडे टणक आधार उपलब्ध करून दिला (खांब, टांगत्या दोऱ्या) तर निदान हत्यार दगडावर पडायचं कमी होतं.

---

नकाशेकर

नोंदणीवर लिहितो, कारण 'ड्रोन उडवा आणि नकाशा करा' एवढ्यावर लोक थांबतात.

आधी परवानगी. मेइलान विमानतळ या खाडीपासून जवळ आहे, आणि १ जानेवारी २०२४पासून चीनमध्ये मानवरहित विमानांचे वेगळे नियम लागू आहेत. परदेशी माणसाने तर तिथे मोजणीचं कुठलंही उपकरण स्वतःहून काढू नये. मोजणीच्या कायद्यात त्याला वेगळी मंजुरी लागते. हे काम स्थानिक संस्थेनेच करायचं.

वेळ: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणातली सगळ्यात खोल ओहोटी, आणि तीही सकाळी किंवा संध्याकाळी पडणारी. सूर्य डोक्यावर असला की ओल्या चिखलाची चमक कॅमेऱ्यात येते आणि सॉफ्टवेअरला जुळवायला ठिपके सापडत नाहीत. तिरप्या उन्हात पाच सेंटीमीटर उंचीची भिंतीची कडही सावलीने उठून दिसते. पाणी तळाला जायच्या दोन तास आधी उतरायचं, पाणी फिरलं की सामान आवरायचं. 'अजून एकच पट्टा' म्हणणाऱ्याचं सामान भिजतं.

उंची: एक इंची सेन्सरच्या वीस मेगापिक्सेल कॅमेऱ्याने साधारण ३५ मीटरवरून फोटोतल्या एका ठिपक्यात जमिनीवरचा एक सेंटीमीटर येतो. फोटो एकमेकांवर पुढच्या दिशेने ८० टक्के आणि बाजूने ७० टक्के चढलेले हवेत. कमी केलं तर चिखलासारख्या एकसुरी जागेत नकाशाला भोकं पडतात.

जमिनीवरच्या खुणा (फोटो नकाशावर नेमके बसवायला मोजून ठेवलेल्या): इथे हमखास चुकतं. चिखलात खुंटी ठोकून तिच्यावर खूण लावली तर तासाभरात ती कलते. खुणेचा ३० सेंटीमीटरचा पत्रा सपाट ठेवून चार कोपऱ्यांवर वजन द्यायचं, काम झालं की उचलायचा. उपग्रह-मोजणीच्या काठीच्या टोकाला १५ सेंटीमीटरची चकती लावायची, नाहीतर काठी किती रुतली तेवढी उंची चुकते आणि ते नंतर कळतही नाही. टोटल स्टेशनच्या (कोन आणि अंतर मोजणारं तिवईवरचं यंत्र) तिन्ही पायांखाली प्लायवूडचे तुकडे. दर अर्ध्या तासाने मागच्या खुणेवर परत नेम धरून तपासायचं, तिवई खचली असेल तर तेव्हाच लक्षात येतं.

विहिरीचं तोंड किंवा थडगं असं एकेक काम हातातल्या कॅमेऱ्याने: भोवती गोल फिरत तीन उंचींवरून मिळून ६० ते ८० फोटो, चौकटीत अर्ध्या मीटरच्या किमान दोन मापपट्ट्या, काटकोनात ठेवलेल्या. शिलालेखाचे ठसे शाईने कागदावर घ्यायची चीनमध्ये फार जुनी परंपरा आहे, पण ओल्या खारट दगडावर ती नको. शाई आणि लगदा भोकांत जाऊन बसतो. रात्रीच्या ओहोटीला बाजूने बॅटरी धरून वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले तर झिजलेलं अक्षरही वाचता येतं.

आणि एक खास चिनी खड्डा: तिथल्या सर्वसामान्य मोबाइल नकाशांवर स्थानं मुद्दाम सरकवलेली असतात, शे-दोनशेपासून काही शे मीटरपर्यंत. त्या नकाशावरून टिपलेलं स्थान जीपीएसच्या नकाशावर टाकलं तर विहीर भलत्याच ठिकाणी, कदाचित तिवरांच्या मधोमध जाते. प्रत्येक नोंदीसोबत अक्षांश-रेखांशाची कुठली संदर्भपद्धत आणि उंची कुठल्या शून्यापासून, हे लिहिलेलं नसेल तर ती नोंद पाच वर्षांनी रद्दी समजा. भरतीच्या तक्त्याचा शून्य आणि राष्ट्रीय उंचीचा शून्य एक नसतो, हेही लोक विसरतात.

---

गाळमापी

@सुकती, चिखल रखवालदार आहे हे मान्य. पण रखवालदार जागा आहे की पगार घेऊन झोपलाय हे कळायला मोजावं लागतं. 'यंदा जास्त उघडं पडलंय' हे डोळ्यांनी ठरत नाही, कारण त्या दिवशीची ओहोटी किती खोल होती यावर ते अवलंबून.

स्वस्त उपाय: १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस सळया, दीड-दोन मीटर लांब, चिखलावर अर्धा मीटर राहतील अशा. जाड पाइप घेतला तर त्याच्याभोवतीच पाणी गरगरून खळगा पडतो आणि 'धूप झाली' असा खोटा निष्कर्ष निघतो. वाचन सळीला टेकून घ्यायचं नाही. दोन सळयांवर आडवी पट्टी ठेवून मधल्या भागात चिखलापर्यंतचं अंतर पाच-सहा ठिकाणी मोजायचं आणि सरासरी काढायची. महिन्यातून एकदा, शिवाय प्रत्येक वादळानंतर. हैनानला टायफून चुकत नाहीत, एका रात्रीत वर्षभराचा हिशेब फिरतो.

जास्त नेमकं हवं असेल तर खोलवर रोवलेल्या दांड्यावर बसवायचा आडवा हात मिळतो. त्याला नऊ पिना. चार दिशांना फिरवून ३६ वाचनं, मिलिमीटरपर्यंत नेमकी. सोबत अर्ध्या मीटरच्या चौकोनात फेल्डस्पार या खनिजाची पांढरी पूड पसरून ठेवतात. वर्षाने तिथून छोटा गाभा (नळी खुपसून घेतलेला चिखलाचा उभा नमुना) काढला की पांढऱ्या रेघेच्या वर किती गाळ साठला ते दिसतं. दांड्याने जमीन खाली गेली की वर आली हे कळतं, पुडीने गाळ किती आला हे. दोन्ही हवं. भूकंपाने खचलेल्या जमिनीत नुसती पूड फसवते: गाळ साठतोय म्हणून आपण खूश आणि जमीन त्याहून वेगाने खाली चाललेली.

मात्र तो दांडा टणक थर लागेपर्यंत ठोकतात, दहा मीटरही जातो. तो अवशेषांच्या बाहेर रोवायचा हे सांगायला नको. की सांगायलाच हवं?

---

सुकती

@गाळमापी, सांगायलाच हवं. याच कारणासाठी कुंपण, फलक, लाकडी पायवाट यांचे खांब ठोकायच्या आधी जागा चाचपून घ्यावी लागते. ८ मिलिमीटरची बोथट टोकाची सळी, एकेक मीटरच्या जाळ्यावर, हाताच्या जोराने. हातोडी नाही. दगड लागला की हाताला टणक ठोका कळतो, खापर असेल तर किरकिरतं, शिंपल्यांचा थर कुरकुरतो. प्रत्येक टोचणीची खोली लिहायची. शंका आली की थांबायचं, जोर करायचा नाही, कारण त्या सळीखालीच एखादा वाडगा असू शकतो.

चिखलाचा रंगही वाचायला शिकावं. वरचा पातळ थर तपकिरी, त्याला हवा मिळते. बोट खुपसलं की खाली काळाकुट्ट चिखल लागतो आणि सडक्या अंड्याचा वास येतो. तो वास आला की बरं समजायचं: तिथे प्राणवायू नाही आणि लाकूड पोखरणारा जहाजकिडा (नावाला किडा, खरा शिंपल्यांचा भाऊबंद) जगू शकत नाही. चारशे वर्षांपूर्वीची तुळई टिकली असेल तर ती त्या काळ्या थरात. तपकिरी थर जाड होत चालला, खेकड्यांची बिळं खोल जायला लागली, की तिथल्या लाकडाचे दिवस भरत आले.

---

खाजणवाला

आता माझी पाळी, कारण ही खाडी कांदळवनाची आहे हे अजून कोणी बोललंच नाही. दोंगझाई हे चीनचं कांदळवनासाठीचं पहिलं राखीव क्षेत्र. १९८०मध्ये प्रांतिक, १९८६मध्ये राष्ट्रीय दर्जा, १९९२मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसार यादीत. साधारण ३,३०० हेक्टर.

कांदळवन आणि अवशेष यांचं नातं सासू-सुनेचं आहे. झाडं लाटा मोडतात, गाळ धरतात, म्हणजे चिखल टिकवतात. पण तीच मुळं भिंतीच्या सांध्यात शिरली की दगड पसरवतात. आणि मुळांच्या वाटेने हवा खाली जाते, सुकतीरावांचा काळा थर तपकिरी होतो.

१९८५मध्ये बांगलादेशातून इथे चिप्पी या खाजणातल्या झाडाच्या कुळातली एक बिनपाकळ्यांची जात आणून लावली. ती झपाट्याने वाढते, म्हणून लागवडवाल्यांची लाडकी. उघड्या चिखलावर ती पहिली पाय रोवते आणि तिची श्वासमुळं खुंट्यांसारखी दाट उभी राहतात. उघडा चिखल म्हणजे नेमके जिथे अवशेष दिसतात तीच जागा! लागवडीच्या मोहिमेत रिकामी दिसेल तिथे रोप खोचायची पद्धत असते. वीस सेंटीमीटरचा खड्डा, हजारो वेळा.

तेव्हा:

– लागवडीच्या नकाशावर अवशेषांची जागा 'झाड नको' म्हणून आधीच रंगवलेली हवी. वनवाल्यांचा नकाशा वेगळा आणि पुरातत्त्ववाल्यांचा वेगळा, ही मुख्य अडचण.

– भिंतीवर आपसूक आलेलं रोप उपटायचं नाही. उपटलं की मुळांसोबत थर येतो. बुंध्यापाशी कापायचं, मूळ जागेवर कुजू द्यायचं. तेही राखीव क्षेत्राच्या परवानगीनेच, कारण तिथे फांदी तोडणं हाही गुन्हा.

– मोठं झालेलं झाड तसंच ठेवायचं. त्याची मुळंच आता भिंत धरून असतात. ते काढलं तर दोन्ही गेलं.

आणि समुद्राच्या बाजूची जुनी झाडं मरू द्यायची नाहीत. या खाडीत खोड-मुळं पोखरणाऱ्या एका समुद्री जिवाने झाडं उन्मळून पाडल्याच्या नोंदी आहेत. झाडांची भिंत पडली की लाट थेट चिखलावर येते.

---

लोहगड_९

म्हणजे काहीच करायचं नाही असं दिसतंय. 😀 निदान उघडं पडलेलं झाकायचं कशाने? वाळूच्या पोत्यांनी?

---

गाळमापी

पोती चालतात, पण कशी ते महत्त्वाचं. नेहमीची पांढरी विणलेली प्लॅस्टिक पोती उन्हात वर्षाच्या आसपास फाटतात आणि तंतू खाडीभर. पोत्यांचा ढीग भिंतीवर रचला तर वजनाने भिंत खचते. आणि ढिगाच्या कडेला पाणी वळून नवा खळगा पडतो, म्हणजे दुखणं दोन मीटर सरकलं एवढंच.

तातडीचं झाकण असं: न विणलेलं भू-वस्त्र (पाणी जाऊ देणारं, गाळ अडवणारं जाड कापड), चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅमचं, अवशेषावर सैल अंथरायचं. ताणायचं नाही, ताणलं की भरतीला ते पडद्यासारखं फडफडतं आणि दगड घासतं. जोडाला अर्धा मीटर आच्छादन. कडा अवशेषापासून किमान दीड-दोन मीटर बाहेर न्यायच्या आणि तिथे लांब, चपट्या पिशव्यांनी दाबायच्या. पिशव्यांत आणलेली नवी वाळू नको, त्याच खाडीतला गाळ भरायचा. वरून उतार अगदी हलका, पाण्याला अडायला कोपरा मिळता कामा नये.

नेदरलँड्समध्ये बुडालेल्या जहाजांवर बारीक जाळं सैल सोडतात. वाहती वाळू जाळ्यातून खाली पडते आणि जाळ्यामुळे परत उचलली जात नाही, हळूहळू उंचवटा आपोआप तयार होतो. कल्पना सुंदर आहे, पण तिथे वाळू, इथे चिखल, आणि इथे मासेमारीची जाळी त्यात अडकणार. खेकडे-कासवं अडकतील ते वेगळंच. इथे मी ते सुचवणार नाही.

कायमचा उपाय हवा तर गाळ पकडणारी झिरपती कुंपणं. मेकाँगच्या मुखाशी आणि जावाच्या किनाऱ्यावर वापरली आहेत: बांबूच्या खुंट्यांच्या दोन रांगा, मध्ये काटक्यांच्या जुड्या बांधलेल्या. पाणी आरपार जातं, वेग मरतो, गाळ मागे बसतो. भक्कम बांध घातला तर लाट परत फिरून पायाशीच खणते, म्हणून झिरपणं हवंच. अडचणी दोन. बांबू जहाजकिड्याच्या तावडीत एक-दोन वर्षांत पोकळ होतो आणि जुड्या त्याआधी सुटतात, म्हणजे दरवर्षी दुरुस्तीचं अंदाजपत्रक लागतं. आणि खुंट्यांच्या रांगा अवशेषांच्या बाहेरच, वर सांगितलेलं चाचपणं केल्यावर. पहिल्या वर्षी फक्त वीस-तीस मीटरची एक रांग घालून सळया वाचायच्या. गाळ येतच नसेल तर कुंपण फक्त कचरा अडवतं.

---

नकाशेकर

कोणीतरी बायहेलियांगचं नाव काढायच्या आत मीच काढतो. छोंगछिंगजवळ यांगत्से नदीतल्या कोरीव खडकासाठी २००९मध्ये पाण्याखालचं संग्रहालय उघडलं. खडकाभोवती कवच बांधून आत गाळलेलं पाणी भरलं. आतला-बाहेरचा दाब सारखा, म्हणून कवचावर भार नाही, आणि लोक काचेतून पाहतात. अफलातून काम. पण तो एक सलग खडक आहे, धरणामुळे चाळीसेक मीटर खोल गेलेला, आणि खालचा पायाही खडकच. इथे मऊ चिखलात विखुरलेली घरं. कवचाचा पाया घालतानाच गाव संपेल.

---

कलमबहाद्दर

कायद्याची बाजू थोडक्यात. युनेस्कोचा २००१चा पाण्याखालच्या वारशाचा करार (२००९पासून अमलात) मूळ जागी जतनाला पहिलं प्राधान्य देतो, आणि शंभर वर्षांपासून 'अधूनमधून' पाण्याखाली असलेली जागाही त्यात मोडते, म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी सुद्धा. चीन त्यात सामील नाही. त्यांचे स्वतःचे नियम १९८९चे, सुधारित नियम १ एप्रिल २०२२पासून. जाहीर झालेल्या संरक्षित क्षेत्रात मासेमारी, सुरुंग वगैरे बंद. सापडलेली वस्तू सरकारची, खबर देणं बंधनकारक.

शिवाय राखीव क्षेत्रांचे नियम (मूळ १९९४चे) आणि जून २०२२पासूनचा पाणथळ जागांचा कायदा आहेच. एकाच चिखलावर दोन-तीन खात्यांचं राज्य. भिंतीवरचं रोप कापायला वनवाल्यांची सही, त्याखालचा दगड झाकायला पुरातत्त्वाची. दोघांची मिळून वर्षाची एकच कामयादी आधी मंजूर करून घेतली नाही तर टायफूननंतर परवानग्या येईपर्यंत झाकायचं ते वाहून गेलेलं असतं.

---

दगडधोंडे

एक खुसपट काढतो. चिखलात दिसणारा प्रत्येक दगड १६०५चा नाही. नंतरच्या चारशे वर्षांत लोकांनी मासे अडवायला दगडी बांध घातले, धक्के बांधले, होडीचे नांगर म्हणून दगड टाकले. आणि ७२ हा आकडा चिनी परंपरेत 'पुष्कळ' या अर्थानेही येतो (कन्फ्यूशियसचे नावाजलेले शिष्यही ७२च), त्यामुळे तो मोजून घेतलेला आहे असं धरून ७२ गावं शोधत बसू नये.

ओळख अशी: भिंतीचा पाया असेल तर दगडांची तोंडं दोन्ही बाजूंनी जुळवलेली आणि काटकोन सापडतो. मासेबांध वाकडा असतो, समुद्राकडे किंवा खाडीकडे पोट काढलेला, आणि दगड नुसते टाकलेले. पायाच्या दगडाखाली जमिनीवरची माती आणि गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचे पराग मिळाले तर तो बुडण्याआधीचा. खाली सागरी गाळ असेल तर नंतरचा. त्यासाठी कडेला एक पाच सेंटीमीटर व्यासाचा गाभा पुरतो, खंदक लागत नाही.

---

खाजणवाला

अवांतर: कच्छच्या रणातलं सिंदरी आठवलं. १६ जून १८१९च्या भूकंपात जमीन खचून किल्ला आणि आजूबाजूचा मुलूख पाण्याखाली गेला आणि उत्तरेला अल्लाहबंद हा लांबच लांब उंचवटा वर उचलला गेला. तिथे चिखलाऐवजी मिठाचा थर, म्हणजे वर लिहिलेलं बरंचसं उलटं.

---

लोहगड_९

शेवटचा प्रश्न. पर्यटकांचं काय? लोक येणारच.

---

सुकती

येऊ देत, पण चिखलात उतरवू नका. एका माणसाचं पाऊल गुडघाभर जातं, आणि प्रत्येक भोकातून त्या काळ्या थराला हवा मिळते. दहा जणांची रांग भिंतीच्या कडेने गेली की तिथे पाट पडतो आणि पुढच्या ओहोटीचं पाणी त्याच पाटाने धावतं, पाया उघडा करत. मोजणीवाल्यांनीही ठरलेली एकच वाट वापरायची, फळ्या टाकून, आणि निघताना फळ्या उचलायच्या.

होडीतून दाखवायचं तर भरतीला. तेव्हा काही दिसत नाही ही तक्रार येणार. त्यासाठीच नकाशेकरांच्या फोटोंवरून केलेलं त्रिमितीय प्रतिमान किनाऱ्यावर पडद्यावर दाखवायचं. इंजिनाची होडी उथळ पाण्यात आली की पंख्याचा झोत थेट चिखलावर बसतो, म्हणून अवशेषांच्या टापूत वल्ह्यांचीच होडी आणि नांगर टाकायला पूर्ण मनाई. तरंगत्या खुणा बांधायच्या तर त्यांची वजनंही बाहेरच. साखळी लांब ठेवली तर ओहोटीला ती चिखलावर गोल फिरून खरवडते. मधे एक छोटा तरंगता गोळा लावला की साखळी उचललेली राहते.

आणि नेमकी स्थानं जाहीर छापू नका. जाहीर नकाशावर एक किलोमीटरचा चौकोन पुरे, आकडे फक्त दोन्ही खात्यांच्या नोंदवहीत. दिसायला सुटसुटीत आणि न्यायला सोपं असं जे असतं, ते सगळ्यात आधी गायब होतं: लहान उखळं, जात्याच्या तळ्या, कोरीव दगडाचे तुकडे. त्यांचे फोटो, मापं आणि एखादी ओळखू येणारी फूट किंवा टवका आधी नोंदवलेला असेल तरच उद्या कुठे अंगणात दिसलेलं उखळ तेच आहे हे सिद्ध करता येतं.